सतरा वर्षांचा मुलगा, वडिलांची बाईक आणि रात्रीची शर्यत : कायदा नेमकं कोणाला धरतो?

तिसरी_घंटा

मंडळी, सल्ला हवा आहे. शक्यतो गंभीरपणे.

माझा भाचा, सतरा पूर्ण, बारावीत. शनिवारी रात्री घरचे झोपल्यावर दाजींच्या नावावरची दोनशे सीसीची बाईक काढून गेला आणि नव्या बायपासवर आणखी दोघांबरोबर शर्यत लावली. बघायला दहा-बारा पोरं, सगळ्यांचे मोबाईल वर. पुढच्या नाक्यावर पोलिसांनी तिघांनाही अडवलं. सुदैवाने कोणाला खरचटलंही नाही. गाडी पोलीस ठाण्यात आहे, भाचा रात्रीच घरी आला.

दाजींचं म्हणणं, "पाचेक हजार दंड असेल, भरून टाकू, विषय संपला." मला ते इतकं सरळ वाटत नाही. कोणी जाणकार नीट सांगेल का? मुलाचं काय होतं, दाजींचं काय होतं, गाडीचं काय होतं?

उगाच_आगाऊ

दाजी बरोबर आहेत. दंड भरा, पोराला दोन ठेवून द्या, गाडी आणा. या वयात सगळेच करतात. फुकट वकिलाचं घर भरू नका.

काळा_कोट

वकिलाचं घर भरायला मीच आलोय असं समजा. :)

तिसरी_घंटा, दाजींना सांगा की पाच हजारांचा आकडा खरा आहे, पण तो या प्रकरणातला सगळ्यात हलका भाग आहे.

मोटार वाहन कायद्याचं कलम १८९ : राज्य सरकारच्या लेखी परवानगीशिवाय सार्वजनिक ठिकाणी वाहनांची शर्यत लावणं, तिच्यात भाग घेणं किंवा ती होऊ देणं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पुन्हा सापडला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. दुरुस्तीआधी हाच दंड पाचशे रुपये होता, म्हणून जुन्या लोकांच्या डोक्यात 'किरकोळ प्रकरण' बसलंय. हा गुन्हा तडजोड शुल्क भरून मिटवताही येतो. दाजी इथपर्यंतच वाचून थांबलेत.

आता मुलगा सतराचा आहे हे त्यात घाला. त्याच्याकडे लायसन्स नाही, असूच शकत नाही. सोळाव्या वर्षी मिळतं ते फक्त ५० सीसीपर्यंतच्या दुचाकीचं, आणि तसल्या गाड्या आता शोधून सापडत नाहीत. म्हणजे विनापरवाना चालवणं आलं (१८१), आणि अशा मुलाच्या हाती गाडी दिली म्हणून मालकावर १८०. या दोन्हींना पाच हजार दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही.

आणि मग येतं कलम १९९-अ. हेही २०१९ चंच. अल्पवयीनाने या कायद्याखालचा कुठलाही गुन्हा केला की पालक किंवा गाडीमालक दोषी मानला जातो. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार दंड. 'किंवा' नाही. गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द. मुलाला पंचवीस वर्षं पूर्ण होईपर्यंत पक्कं सोडा, लर्निंग लायसन्सही नाही. हे कलम तडजोडीने मिटणाऱ्या गुन्ह्यांच्या यादीत नाही, कोर्टात जावंच लागतं.

थोडक्यात, शर्यत लावली पोराने आणि तुरुंगाची टांगती तलवार आहे दाजींवर.

तिसरी_घंटा

बाप रे. पण दाजी झोपले होते हो. त्यांना कळलंच नाही गाडी गेली ते.

काळा_कोट

ती पळवाट कायद्यातच ठेवली आहे. पालकाने सिद्ध करायचं की गुन्हा माझ्या नकळत झाला, किंवा तो होऊ नये म्हणून मी वाजवी ती सगळी काळजी घेतली होती. 'सिद्ध करायचं' हे महत्त्वाचं. एरवी फौजदारीत सरकार पक्षाला सिद्ध करावं लागतं. इथे गाडी पालकाच्या संमतीनेच नेली असं न्यायालय धरून चालतं, आणि तसं नव्हतं हे पालकाने दाखवायचं.

म्हणून प्रश्न असे येतील : चावी कुठे असते? याआधी मुलगा ती गाडी चालवायचा का? क्लासला कसा जायचा? सोसायटीच्या कॅमेऱ्यात काय आहे? शेजारी काय सांगतील?

तिसरी_घंटा

चावी दाराजवळच्या खुंटीला. क्लासला... बाईकनेच जायचा. आणि आता आठवलं, दिवाळीत त्याने त्याच बाईकवरचा व्हिडिओ टाकला होता, पुढचं चाक हवेत वगैरे. त्याखाली दाजींचा प्रतिसाद आहे : "माझा वाघ".

पाटीपेन्सिल

😶

उगाच_आगाऊ

मग डिलीट करा की तो प्रतिसाद! आत्ताच्या आत्ता.

काळा_कोट

आगाऊसाहेब, असले सल्ले जाहीर धाग्यावर देऊ नका. तपास चालू असताना पुरावा नष्ट करणं हा स्वतंत्र गुन्हा आहे, आणि तो मूळ गुन्ह्यापेक्षा जास्त महाग पडतो. बघायला दहा-बारा पोरं होती म्हणजे स्क्रीनशॉट कुठे ना कुठे असणारच.

आणखी एक मोह होतो, तोही आधीच सांगून ठेवतो : "गाडी मीच चालवत होतो" असं वडिलांनी किंवा थोरल्या भावाने अंगावर घेणं. करू नका. पुण्यात मे २०२४ मध्ये अल्पवयीनाने गाडीने दोघांना चिरडल्याचं कल्याणीनगरचं प्रकरण झालं, त्यात रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपावरून डॉक्टर आणि मुलाचे आईवडील अटकेत गेले. मूळ आरोप मुलावर होता, गजाआड आधी मोठी माणसं गेली.

खडूस_म्हातारी

कल्याणीनगरचं नाव निघालंच आहे तर विचारते. तिथे दोन जीव गेले आणि मुलाला तीनशे शब्दांचा निबंध लिहायला सांगितला. मग वकीलसाहेब, हे सगळं कलम-बिलम कोणासाठी? साध्या माणसाच्या पोरासाठीच ना?

काळा_कोट

आजी, तुमचा राग रास्त आहे. तो जामिनाचा आदेश होता, निकाल नव्हे, आणि गदारोळानंतर बदललाही गेला. पण त्यामागचं गणित समजून घ्या.

बाल न्याय अधिनियम २०१५ मध्ये गुन्ह्यांचे तीन वर्ग आहेत : किरकोळ, गंभीर आणि निर्घृण. सोळा ते अठरा वयाच्या मुलावर प्रौढासारखा खटला चालवता येतो का, याची प्राथमिक तपासणी फक्त निर्घृण गुन्ह्यात होते. आणि निर्घृण म्हणजे ज्यात किमान शिक्षा सात वर्षं आहे तो. सदोष मनुष्यवधाला जास्तीत जास्त शिक्षा मोठी आहे, पण किमान सात वर्षं ठरवलेली नाहीत. दिल्लीत २०१६ साली एका अल्पवयीनाने महागड्या गाडीखाली एकाला चिरडलं, ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. शिल्पा मित्तल या नावाने ओळखला जाणारा जानेवारी २०२० चा निकाल. न्यायालय म्हणालं, असा गुन्हा 'गंभीर' धरा, 'निर्घृण' नव्हे. कायद्यात फट आहे, ती संसदेने बुजवावी. पुण्यातही मुलाला प्रौढ समजून खटला चालवावा ही मागणी बाल न्याय मंडळाने जुलै २०२५ मध्ये फेटाळली.

म्हणजे अठराच्या आतल्या मुलाच्या गाडीखाली कोणी मेलं तरी त्या मुलाला जास्तीत जास्त तीन वर्षं विशेष गृह. हे बरोबर की चूक यावर वेगळा धागा काढा, मीही येईन भांडायला. तिसरी_घंटांच्या भाच्याचा गुन्हा आज तरी किरकोळ वर्गातला आहे : तीन वर्षांपर्यंत शिक्षा असलेला.

तिसरी_घंटा

मग एफआयआर होतो का त्याच्यावर? दाजींना मुख्य भीती तीच आहे, पुढे नोकरी-पासपोर्ट वगैरे.

काळा_कोट

एकट्या अल्पवयीनाचा किरकोळ गुन्हा असेल तर साधारणपणे एफआयआर होत नाही. बाल न्याय नियमांप्रमाणे पोलीस ठाण्याच्या दैनंदिनीत नोंद होते आणि बाल कल्याण पोलीस अधिकारी सामाजिक पार्श्वभूमी अहवाल भरतो : घरात कोण, शाळेत कसा, संगत कोणती, व्यसन आहे का. ते मंडळापुढे जातं. लॉकअप नाही, बेड्या नाहीत. मंडळ समुपदेशन, समाजसेवा, दंड, असं काही करतं. कायदा असंही सांगतो की अशा मुलाला पुढे कुठल्या अपात्रतेचा डाग लागू नये आणि मुदतीनंतर नोंदी नष्ट कराव्यात. नाव छापणंही गुन्हा आहे, तेव्हा तुम्हीही धाग्यावर शाळा, गाव वगैरे काही लिहू नका.

पण याला अपवाद आहे. बरोबर एखादा प्रौढ असेल तर एफआयआर होतो. बाकीचे दोघे किती वर्षांचे?

तिसरी_घंटा

एक सतराचाच. दुसरा गेल्या महिन्यात अठराचा झाला.

काळा_कोट

झालं मग. एफआयआर होणार असं धरून चाला.

आणि त्या अठराच्या मुलाकडे बघा. महिन्यापूर्वी हेच केलं असतं तर तो मंडळापुढे गेला असता. आज त्याला दंडाधिकाऱ्यापुढे उभं राहायचंय. १९९-अ त्याला लागू नाही, म्हणजे बाप सुटला, पण सगळं त्याच्या एकट्याच्या अंगावर. १८९, शिवाय धोकादायक चालवणं म्हणून १८४ (सहा महिने ते एक वर्ष कैद किंवा एक ते पाच हजार दंड किंवा दोन्ही), शिवाय भारतीय न्याय संहितेचं २८१ (सार्वजनिक रस्त्यावर बेदरकारपणे चालवणं). लायसन्स असलं तर ते निलंबित किंवा रद्द करायची कारवाई आरटीओ करू शकतं. खटला प्रलंबित असेपर्यंत पासपोर्टसाठी कोर्टाची परवानगी आणावी लागते. परदेशी शिकायला जायचं असेल तर ऐन प्रवेशाच्या वेळी हे आडवं येतं. विशीच्या आतली पोरं आपल्याला सारखीच दिसतात, कायद्याला नाही.

चौथा_गिअर

मी एकोणीसचा, तेव्हा मलाही बोलू द्या. तुम्ही सगळे आम्हाला गुन्हेगार ठरवून मोकळे झालात. रात्री साडेबाराला रिकामा रस्ता, हेल्मेट, जॅकेट, कोणाला त्रास नाही. दारू पिऊन चालवणारे याहून धोकादायक. आणि ट्रॅक आहेत कुठे सामान्य पोरांसाठी?

निवृत्त_चेसिस

बाळा, मी परिवहन खात्यात नोकरी केली, तुझ्यासारखे हजारो पाहिले. रागावत नाही, दोन गोष्टी सांगतो.

रिकामा रस्ता असं काही नसतं. बायपासला दुभाजकात तोडलेली फट असते. तिच्यातून दुधाची गाडी, ट्रॅक्टर, सायकलवाला कधीही येतो. ताशी १२० वर तू एका सेकंदात ३३ मीटर जातोस. डोळ्याला दिसून हात ब्रेकवर जाईपर्यंत ते ३३ मीटर संपलेले असतात, ब्रेक तिथून पुढे लागतो.

दुसरं, शर्यतीची गाडी आम्ही उभी असतानाच ओळखायचो. नंबरप्लेट मडगार्डखाली वर दुमडलेली, दुमडीवर रंगाचा पोपडा उडालेला. आरसे काढलेले, त्यांच्या जागी नुसते बोल्ट. सायलेन्सरच्या तोंडात टॉर्च मारली की आत जाळीच नाही, सरळ नळी. यातल्या प्रत्येक गोष्टीचं कलम वेगळं. गाडीत बेकायदा फेरफार केला तर १८२-अ खाली प्रत्येक फेरफाराला पाच हजार किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद. फटाका सायलेन्सरला १९०(२) : दहा हजारांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, शिवाय तीन महिने लायसन्ससाठी अपात्र. शर्यत सिद्ध झाली नाही तरी गाडी स्वतःच साक्ष देते.

ट्रॅकचं म्हणशील तर तक्रार खरी आहे, कमी आहेत आणि लांब आहेत. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टई, कोइंबतूरला कारी, ग्रेटर नोएडाला बुद्ध. एफएमएससीआय ही मोटार शर्यतींची देशातली अधिकृत संस्था आहे, तिचा स्पर्धा परवाना काढता येतो. पैसे लागतात, मान्य. पण पोरं दोन सायलेन्सर आणि एका पडझडीत जेवढे घालवतात तेवढ्यात सुरुवात होते.

चौथा_गिअर

३३ मीटरचं गणित कधी केलं नव्हतं. बाकी ट्रॅक परवडतो यावर असहमत.

पाटीपेन्सिल

शिक्षिका म्हणून एक भर. आमच्या नववी-दहावीच्या पालकांनी नवीन युक्ती काढली आहे, "इलेक्ट्रिक स्कूटरला लायसन्स लागत नाही". ती सूट फक्त २५० वॅटच्या आतल्या आणि ताशी २५ किलोमीटरच्या आतल्या गाडीला आहे. मुलं दुकानात जाऊन वेगमर्यादेची वायर काढून घेतात, गाडी ४५-५० ने पळते. मग ती मोटार वाहन झाली ना, वकीलसाहेब?

काळा_कोट

झाली. मग लायसन्स, नोंदणी, विमा, सगळं लागू, आणि १९९-अ सुद्धा. वायर कोणी काढली हे कोणी विचारत नाही, गाडी कोणाच्या नावावर आहे ते विचारतात.

हप्ता_भरा

मी विम्यातला. इतका वेळ गप्प होतो, पण कोणीच पैशाबद्दल बोलेना म्हणून लिहितो. पंचवीस हजार दंडाने माणूस बुडत नाही. बुडतो तो दाव्यात.

समजा त्या रात्री दुभाजकाच्या फटीतून कोणी आला असता आणि गेला असता. वय २८, पगार चाळीस हजार, घरी बायको आणि आईवडील. अपघाताची भरपाई ठरवणाऱ्या न्यायाधिकरणाचा हिशोब ठरलेला आहे. वर्षाचे ४ लाख ८० हजार. नोकरी कायम नसेल तर पुढच्या पगारवाढीचे ४० टक्के धरतात, झाले ६ लाख ७२ हजार. तीन अवलंबित, म्हणून एक तृतीयांश त्याच्या स्वतःच्या खर्चाचे वजा, राहिले ४ लाख ४८ हजार. या वयाला गुणक १७. झाले ७६ लाख १६ हजार. वर व्याज.

"विमा आहे ना!" असं म्हणाल. चालवणारा विनापरवाना, आणि आयोजित शर्यतीसाठी वापर हेही विमा कंपनीला कायद्याने दिलेल्या बचावांपैकी एक. सर्वोच्च न्यायालयाच्या २००४ च्या स्वरण सिंग निकालापासून साधारण पद्धत अशी की मेलेल्याच्या घरच्यांना रखडवायचं नाही : कंपनीने आधी भरायचं आणि मग मालकाकडून वसूल करायचं. मालक म्हणजे दाजी. घर, शेत, ठेवी, सगळं वसुलीच्या टप्प्यात.

आणि स्वतः चालवणाराच गेला तर? स्वतःच्या बेदरकारपणाने गेलेल्याच्या वारसांना विमा कंपनीने भरपाई द्यायला सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये एका प्रकरणात नकार दिला आहे. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचं तर विचारूच नका.

उगाच_आगाऊ

७६ लाख?? मी माझा पहिला प्रतिसाद मागे घेतो.

दूरदेशी

इथे कॅनडातल्या ऑन्टॅरिओमध्ये रस्त्यावर शर्यत पकडली की खटल्याची वाटच बघत नाहीत. जागेवरच लायसन्स तीस दिवस निलंबित आणि गाडी चौदा दिवस जप्त. गाडी बापाची असो की भाड्याची, ट्रकवर चढते. दंड दोन हजार डॉलरपासून सुरू. माझ्या मुलाच्या मित्रमंडळींना तुरुंगाची भीती नाही, त्या चौदा दिवसांची आहे, कारण ते नक्की घडतं.

जर्मनीत २०१७ पासून शर्यत हा थेट फौजदारी गुन्हा आहे, गाडी कायमची सरकारजमा होऊ शकते. बर्लिनच्या कुरफुर्स्टनडाम रस्त्यावर २०१६ च्या शर्यतीत एक निष्पाप माणूस गेला, तर चालकाला खुनासाठी जन्मठेप झाली आणि ती वरच्या न्यायालयात टिकली.

खडूस_म्हातारी

आणि आपल्याकडे निबंध.

निवृत्त_चेसिस

आजी :)

पण दूरदेशींचा मुद्दा पटला. आपल्याकडे शिक्षा कागदावर कमी नाही. तीन वर्षं आणि पंचवीस हजार हे कोणालाही पुरेसं आहे. घडतं असं की नाक्यावरच्या हवालदाराला वरून फोन येतो, १९९-अ लागतच नाही, विनापरवान्याचा दंड फाडून गाडी सोडली जाते. तोच मुलगा पुढच्या वेळी माणूस मारतो, मग पेपरवाले विचारतात की आधी सापडला नव्हता का. सापडला होता.

काळा_कोट

+१. आणि शेवटचं एक : कोणी मेलं तर मामला २८१ वर थांबत नाही. निष्काळजीपणाने मृत्यू, न्याय संहिता १०६(१), पाच वर्षांपर्यंत. जुन्या ३०४-अ मध्ये दोनच होती. पण शर्यत लावली म्हणजे परिणामांची जाणीव होती असं म्हणून पोलीस १०५, म्हणजे सदोष मनुष्यवध, लावू बघतात. शेजारी पळणाऱ्या दुसऱ्या गाडीवाल्यालाही आरोपी करतात, त्याच्या गाडीने कोणाला स्पर्श केला नसला तरी. कोर्टात ते टिकतं की नाही पुढचं पुढे, पण जामिनासाठी धावाधाव आजची.

तिसरी_घंटा

सगळ्यांचे मनापासून आभार. दाजींना हा धागा वाचायला दिला. विमेवाल्यांच्या आकड्यापाशी थांबले आणि चहा तसाच ठेवून आत गेले.

आज ठाण्यात जाऊन आलो. बाल कल्याण अधिकारी साध्या कपड्यातच होते, भाच्याशी नीट बोलले. अहवालात वर्गशिक्षकांचा नंबरही मागितला. गाडीसाठी सुपूर्दनाम्याचा, म्हणजे ती तात्पुरती ताब्यात मिळावी म्हणून, अर्ज करायचा ठरलंय. दाजींवर १९९-अ लावला आहे. व्हिडिओ आणि प्रतिसाद तसाच ठेवलाय.

आता नवीन प्रश्न. अठराच्या मुलाचे वडील म्हणतात तिघांनी मिळून एकच वकील करू, खर्च वाटला जाईल. करावं का?

काळा_कोट

नाही. सतराच्या मुलाचं हित आणि अठराच्या मुलाचं हित इथे एक नाही. त्याच्या वकिलाला दाखवायचंय की शर्यत बाकीच्यांनी ठरवली आणि तो नुसता वाटेत होता. तुमच्या वकिलाला नेमकं उलटं दाखवायचं असेल : मोठ्या मुलाने लहानांना ओढलं. शिवाय दाजींचा बचाव 'मला माहीत नव्हतं' हा, आणि तो मुलाच्या जबाबावर उभा. ग्रूपवर जागा आणि वेळ कोणी टाकली होती ते आधी भाच्याकडून खरं खरं काढून घ्या, वकिलाच्या समोर. आणि सुपूर्दनाम्याचं बंधपत्र सही करण्याआधी वाचा. गाडी विकायची नाही, तिच्यात बदल करायचा नाही, बोलावलं की हजर करायची, असं लिहून द्यावं लागतं. सायलेन्सर बदललेला असेल तर तो आहे तसाच राहू द्या.

तिसरी_घंटा

सायलेन्सर बदललेला आहे. बिलही दाजींच्याच नावावर आहे. वकिलांची नावं व्यनि (व्यक्तिगत निरोप) कराल का?